खाम नदीचे दोन काठ

२०१७ सालच्या नोव्हेंबर महिन्यात औरंगाबादच्या छावणीत एक विलक्षण साथ आली. विलक्षण अशासाठी की, या गल्लीतून त्या गल्लीत सरकत जाण्याची उसंतही तिने घेतली नाही. जुलाब आणि उलट्यांनी घराघरांतून एकाच वेळी माणसे आडवी झाली. लहान मुले, म्हातारीकोतारी, कर्ती माणसे, कोणी सुटले नाही. पाहता पाहता रुग्णांची संख्या हजारांच्या घरात गेली, छावणीतील रुग्णालयाच्या खाटा अपुऱ्या पडल्या आणि उरलेल्यांना घाटीत व शहरातील इतर दवाखान्यांत न्यावे लागले. पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीत गटाराचे पाणी मिसळले, हे त्यामागचे कारण असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले.

कारण साधे होते. आपल्या कोणत्याही शहरात कोणत्याही पावसाळ्यात घडावे असे. पण ज्या वस्तीत ते घडले तिचा इतिहास ठाऊक असलेल्या माणसाला त्या बातमीतील उपरोध जाणवल्याखेरीज राहणार नाही. छावणी ही रोगराईपासून दूर राहावयाचे म्हणून आखलेली वस्ती. जुने शहर खाम नदीच्या एका काठावर, छावणी दुसऱ्या काठावर. मध्ये नुसती नदी नव्हती. आरोग्य म्हणजे काय आणि ते कोणासाठी, याविषयीच्या दोन निरनिराळ्या कल्पना त्या दोन काठांवर उभ्या होत्या.

(वाचकांच्या सोयीसाठी एक खुलासा. २०२३ पासून या शहराचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर आहे. जुन्या काळाविषयी लिहिताना मी त्या त्या काळचे नाव ठेवले आहे.)

या दोहोंपैकी जुनी कल्पना अलीकडच्या काठावरची. मलिक अंबर या हबशी वजिराने १६१० मध्ये खडकी हे गाव निजामशाहीच्या राजधानीसाठी निवडले. नावाप्रमाणेच ती जागा खडकाळ. खाम ही बारमाही मोठी नदी नव्हे. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात डबक्यांवर येणारी ती एक ओढवजा नदी. अशा ठिकाणी राजधानी वसवावयाची, म्हणजे आधी पाण्याचा प्रश्न सोडवावयाचा. मलिक अंबरने तो सोडवला तो जमिनीच्या पोटातून. शहराच्या उत्तरेस हर्सूल-सावंगीच्या बाजूला डोंगर आहेत. त्या डोंगरांवर पडलेले पावसाचे पाणी काळ्या खडकाच्या भेगांतून आणि मुरमातून खाली झिरपते. ते झिरपते पाणी जमिनीखालीच एका बांधीव भुयारी पाटात गोळा करावयाचे आणि उताराच्या आधाराने शहरापर्यंत आणावयाचे, ही नहर-ए-अंबरीची योजना. मोट नाही, बैल नाहीत, यंत्र नाही. सारे काम उताराने करावयाचे.

या नहरीची रचना समजून घेण्यासारखी आहे. पाट जमिनीखाली असल्यामुळे उन्हाने पाणी आटत नाही आणि वाटेत कोणी त्यात गुरे धूत नाही की कपडे आपटत नाही. ठराविक अंतरावर वर उघडणारी विवरे ठेवलेली, त्यांतून माणूस आत उतरून गाळ काढू शके. शहराजवळ येताना पाण्याचा दाब वाढून नळ फुटू नयेत म्हणून उंच बांधीव मनोरे उभारलेले. त्यांना येथील लोक बंब म्हणतात. पाणी बंबात वर चढे, कोंडलेली हवा तेथे मोकळी होई, थोडा गाळ खाली बसे, आणि मग ते पुढच्या नळाने उतरे. वस्तीत शिरल्यावर खापरी नळांच्या फाट्यांनी ते हौदांत, मशिदींत, हवेल्यांत आणि चौकांत पोहोचे. बऱ्हाणपुरात याच सुमारास अब्दुल रहीम खानखानानच्या वेळी कुंडी भंडाऱ्याची अशीच व्यवस्था झाली. आणि या दोहोंचे मूळ इराणातील कनात नावाच्या भुयारी पाटांत आहे. पण इराणातला पाट वाळूमातीतून जातो आणि इथला दख्खनच्या काळ्या पाषाणातून. नुसती नक्कल येथे उपयोगी पडली नसती.

औरंगजेबाने १६५३ मध्ये शहराला आपले नाव दिले, १६८२ मध्ये त्याभोवती तट बांधला. शहर वाढले तसतशा नहरीही वाढल्या. अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी पाणचक्की उभी राहिली. तिचे पाणीही काही कोसांवरून भुयारी वाटेने येते, एका उंच भिंतीवर चढते आणि हौदात कोसळते. त्या पडत्या पाण्याने जाते फिरे, आणि दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी व यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाई. हौदाच्या तळाखाली एक मोठे दालन आहे. वर पाण्याचा एवढा भार असल्यामुळे भर वैशाखातही तेथे गारवा असतो. आजचे पर्यटक जात्याची छायाचित्रे काढतात आणि त्या दालनाकडे त्यांचे फारसे लक्ष जात नाही. वास्तविक, माणसाच्या सुखाचा किती बारीक विचार त्या बांधणाऱ्यांनी केला होता, हे तेथेच कळते.

जुन्या शहरातील सारेच आरोग्यदायी होते, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. गल्ल्या अरुंद होत्या. हवेलीला नहरीचा फाटा मिळे आणि झोपडीला रांग मिळे. १७६३ मध्ये निजामाची राजधानी हैदराबादला गेली, शहर ओसरले, आणि नहरींची देखभालही ओसरली. खापरी नळ फुटला की तेथून माती आणि घाण आत शिरणारच. परंतु मूळ कल्पना ध्यानात घेण्याजोगी आहे: शहराचे पाणी वाटेत कोणालाही न बाटवता सर्वांपर्यंत झाकून आणावयाचे. आरोग्य हे पाण्याच्या वाटेशी बांधलेले आहे, हे ज्ञान त्या नहरीत आहे, मग बांधणाऱ्यांनी ते त्या शब्दांत मांडलेले असो वा नसो.

आता पलीकडच्या काठावर जाऊ. १८०३ मध्ये असईची लढाई झाली आणि त्यानंतरच्या दशकांत निजामाच्या खर्चाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणारी एक फौज आकाराला आली. पुढे ती हैदराबाद कंटिन्जंट म्हणून ओळखली गेली. १८५३ च्या तहाने तिच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे गेला. बोलारम, हिंगोली, जालना, मोमिनाबाद, एलिचपूर आणि औरंगाबाद ही तिची ठाणी. औरंगाबादची छावणी खाम ओलांडून पश्चिमेस, मोकळ्या माळावर वसली. जून १८५७ मध्ये येथील घोडदळात उठाव झाला, तो मोडून काढण्यात आला आणि उठावातील शिपायांना देहदंड झाला. क्रांती चौक हे नाव त्या स्मृतीचे.

छावण्या गावाबाहेर का असत, याचे पहिले उत्तर अर्थातच लष्करी आहे. गर्दीच्या शहरात फौज ठेवणे धोक्याचे. पण त्याच्या जोडीला दुसरे एक कारण होते आणि एकोणिसाव्या शतकात त्याला शास्त्राची प्रतिष्ठा होती. त्या काळच्या डॉक्टरांच्या मते रोग हवेतून येत. कुजट जागेतून, दाट वस्तीतून दूषित वाफ उठते, ती अंगात शिरते आणि ताप, पटकी होते, असा हा समज. तेव्हा उपाय एकच: अंतर. बंगल्याभोवती प्रशस्त आवार, रुंद सरळ रस्ते, कवायतीचे मैदान, आणि देशी वस्तीपासून जितके दूर जाता येईल तितके दूर. छावणीतील हवा आजही मोकळी वाटते, झाडे मोठी आहेत, त्याचे श्रेय या चुकीच्या समजाला द्यावे लागते. चुकीच्या विचारातूनही कधी कधी चांगले रस्ते निघतात!

मात्र माणसे मरत होती. छावणीगावांतील जुन्या ख्रिस्ती दफनभूमींत हिंडणाऱ्याला एक गोष्ट चटकन दिसते, ती म्हणजे तेथे निजलेल्यांची वये. विशी-तिशीचे अधिकारी, त्यांच्या बायका, आणि वर्ष न भरलेली मुले. १८५९ मध्ये हिंदुस्थानातील लष्कराच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी एक शाही आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८६३ मध्ये आला. गोऱ्या सैनिकांत वर्षाला हजारी ६९ माणसे मरत, असे त्यात निघाले. लढाईने नव्हे, ताप, हगवण, यकृताचा विकार आणि पटकी यांनी. हिंदी शिपायांत हे प्रमाण बरेच कमी होते. औरंगाबादच्या फौजेत शिपाई हिंदीच असल्याने तो भयंकर आकडा जसाच्या तसा येथे लावता येणार नाही, पण त्यातून निघालेले नियम सगळ्याच छावण्यांना लागले.

या अहवालामागे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे श्रम होते. त्यांनी हिंदुस्थानात कधी पाऊल ठेवले नाही. लंडनमध्ये अंथरुणाला खिळलेल्या अवस्थेत त्यांनी येथील ठाण्यांकडे प्रश्नावल्या पाठवल्या, आलेली उत्तरे वाचली, आकडे मांडले. पाणी कोठून येते, कशातून येते, सांडपाणी कोठे जाते, हे त्यांचे प्रश्न. उत्तरांत आढळले की बऱ्याच ठिकाणी सैनिकांचे पाणी उघड्या तळ्या-विहिरींतून भिस्त्यांच्या पखालींनी येत होते आणि सांडपाण्याची वाट कोणी आखलेलीच नव्हती. म्हणजे अंतर ठेवले होते, पाणी मात्र तेच होते. आणखी एक गोष्ट नाइटिंगेल यांच्या ध्यानात आली, आणि माझ्या मते ती त्यांच्या साऱ्या आकड्यांहून मोलाची आहे. शिपायाचे आरोग्य शिपायापुरते सुधारता येत नाही. त्याच्या छावणीशेजारी बाजार आहे, बाजाराशेजारी गाव आहे. गावाची गटारे बांधल्याशिवाय बराकीतला माणूस सुरक्षित नाही. पुढील कित्येक वर्षे त्या लष्कराकडून रयतेकडे वळल्या, त्या या जाणिवेने. १८७० नंतरच्या लिखाणात गोऱ्या सैनिकांचे मृत्यूचे प्रमाण हजारी १८ पर्यंत खाली आल्याचे त्यांनी नमूद केले. रयतेचे तसे आकडे मांडण्याजोगे नव्हते.

सरकारने मात्र अंतराचीच कास धरली. १८६४ मध्ये छावण्यांचा कायदा झाला. छावणीच्या हद्दीत झाडलोट, शौचकूप, खाटीकखाने, पाणवठे यांवर कडक देखरेख सुरू झाली. हद्दीबाहेर कोणाचेच लक्ष नाही. पटकी आली की पलटणीने तळ हलवावा, आणि तोही वाऱ्याच्या दिशेला काटकोन करून, असा दंडक होता. लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ सालीच ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाकडे बोट दाखवून पटकी पाण्यातून येते हे सांगितले होते. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये खुद्द कलकत्त्याच्या तळ्यात पटकीचे जंतू शोधले. तरीही हिंदुस्थान सरकारचे आरोग्य आयुक्त जे. एम. कनिंगहॅम हे अखेरपर्यंत पाण्याचा सिद्धांत मानावयास तयार नव्हते. हे केवळ हट्टाने घडले असे नाही. रोग माणसांबरोबर आणि पाण्याबरोबर प्रवास करतो हे मान्य केले, तर बंदरांत जहाजे अडवावी लागतात आणि शहरोशहरी पैसा खर्चावा लागतो. हवेला दोष देणे स्वस्त पडे.

आणि ही छावणीची स्वच्छता राखीत कोण होते? शौचकुपांतील मैला डोक्यावरून वाहणारी माणसे. त्यांच्याशिवाय छावणीचे आरोग्य एक दिवस टिकले नसते. त्यांची स्वतःची वस्ती मात्र कडेला, उताराला. आरोग्याच्या इतिहासाच्या पुस्तकांत आयुक्तांची नावे असतात, या माणसांची नसतात. मैला वाहून नेण्याची ही प्रथा बंद करणारा पहिला कायदा १९९३ मध्ये झाला, आणि २०१३ मध्ये दुसरा करावा लागला. गटारात उतरून गुदमरलेल्या कामगारांच्या बातम्या त्यानंतरही येत राहिल्या.

शतकाच्या अखेरीस प्लेग आला आणि आरोग्याच्या या लष्करी पद्धतीची खरी परीक्षा झाली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅसियो व्हिएगस यांनी पहिला रुग्ण ओळखला. गोव्यातील हडफडे गावचा हा कॅथलिक डॉक्टर. प्लेग म्हणण्याचे धाडस करणे म्हणजे व्यापारी मुंबईचा रोष ओढवून घेणे, हे जाणूनही त्यांनी ते केले, आणि गलिच्छ वस्त्यांच्या सफाईसाठी झटले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सैनिक घरोघर शिरू लागले. देवघरे, माजघरे उघडी पडली, माणसे ओढून नेली गेली. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली.

त्याच साथीत, त्याच पुण्याजवळ, निराळेही काही घडत होते. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत हे लष्करात वैद्यकीय सेवेत होते. आईच्या बोलावण्यावरून रजा घेऊन ते आले आणि हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात त्यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या वस्तीतील एक आजारी मुलगा सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घालून तेथे आणला. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या घरात लष्कराचे वैद्यक आले होते, पण बंदूक बाहेर ठेवून. मला नेहमी वाटते की, पुण्याच्या प्लेगची गोष्ट सांगताना आपण रँडची गोष्ट तपशीलवार सांगतो आणि ही दोन वाक्यांत उरकतो, हे काही बरे नव्हे.

औरंगाबादकडे परत येऊ. १९०१ च्या शिरगणतीत छावणीसह या शहराची लोकसंख्या ३६,८३७ होती. मनमाडहून आगगाडी नुकतीच आली होती. त्यानंतरची पन्नास वर्षे शहर संथच राहिले. पुढे मात्र सारे भराभर घडले. १९५६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि त्याचे रुग्णालय 'घाटी' या नावाने साऱ्या मराठवाड्याचे आधारस्थान झाले. चिकलठाण्याला, मग वाळूजला कारखाने आले. जायकवाडीचे धरण १९७६ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले आणि शहर नाथसागराचे पाणी पिऊ लागले. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत महानगराची लोकसंख्या ११,७५,११६ भरली. एकशे दहा वर्षांत तीसपटींहून अधिक! एवढ्या माणसांना नहरी पुरणार नव्हत्याच. पण पुरणार नाहीत म्हणून त्या नाहीशा होऊ देण्याचे कारण नव्हते. विवरांवर घरे उठली, पाट रस्त्यांखाली चेपले गेले, काही ठिकाणी त्यांत सांडपाणी सोडले गेले. उताराने येणारे पाणी गेले आणि पंपाने चढवून आणावे लागणारे पाणी आले. २०२२ च्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा येणाऱ्या पाण्यासाठी या शहरात मोर्चे निघाले.

या अधूनमधून येणाऱ्या पाण्याचा आरोग्याशी थेट संबंध आहे, आणि छावणीच्या साथीचा विचार करताना तो समजून घेणे भाग आहे. नळाला सतत पाणी असेल तर त्याचा दाब आतून बाहेर असतो. नळाला चीर असली तरी पाणी बाहेर झिरपते, बाहेरची घाण आत येत नाही. पाणी बंद झाले, नळ रिकामा झाला, की दाब उलटा होतो. शेजारच्या गटारातील पाणी त्या चिरेतून आत ओढले जाते आणि पुढच्या वेळी तोटी सोडली की आपल्या भांड्यात पडते. ज्या शहरात पाणी चार दिवसांआड येते तेथे हे संकट चार दिवसांआड येते. शिवाय पाणी साठवून ठेवावे लागते, आणि साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो.

२०१७ मध्ये छावणीतील रुग्णांना सलाइन आणि जलसंजीवनी मिळाली. जलसंजीवनीची कथाही एका छावणीचीच आहे, पण निर्वासितांच्या. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. सलाइन संपले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा पाण्यात मिसळून पिंपांत भरून ठेवले आणि नातलगांना सांगितले की, रुग्णाला हे पाजत राहा. मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या वरून चार टक्क्यांच्याही खाली आले. त्या छावणीत डॉक्टर आणि नातलग यांच्यात अंतर ठेवावयास जागाच नव्हती. औषध आईच्या हाती द्यावे लागले, आणि आईने ते नीट दिले.

छावणीचा कारभार छावणी परिषदेकडे, पलीकडचा महानगरपालिकेकडे. कागदावर ही हद्द खाम नदीइतकीच ठळक आहे. कचऱ्याला आणि पाण्याला ती ठाऊक नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या ग्रामस्थांनी शहराचा कचरा आपल्या गावी टाकू देणे बंद केले, तेव्हा साऱ्या शहरात कचऱ्याचे ढीग साचले. मार्चमध्ये मिटमिट्याला त्यावरून दंगल उसळली. शहराने आपली घाण दूर नेऊन टाकावी आणि दूरच्या माणसांनी ती सोसावी, हा जुना छावणीचाच न्याय होता. या वेळी कडेच्या माणसांनी तो नाकारला. अलीकडे देशातील छावण्यांचे नागरी भाग जवळच्या पालिकांना जोडण्याचे धोरण केंद्र सरकारने घेतले आहे. २०२३ मध्ये हिमाचलातील योल छावणीपासून त्याची सुरुवात झाली.

खाम नदी मात्र मधल्या काळात नाला झाली होती. एके काळी दोन वस्त्या अलग ठेवणारी ही नदी दोन्हीकडचे सांडपाणी एकत्र वाहू लागली. २०२१ च्या सुमारास महानगरपालिका, छावणी परिषद आणि काही खासगी संस्था यांनी मिळून तिच्या स्वच्छतेचे काम हाती घेतले. पात्रातील कचरा निघाला, काठ बांधले गेले, झाडे लागली. छावणीचा आठवडी बाजार दर गुरुवारी भरतो. शहरातून बाजारहाटाला येणारी माणसे पूल ओलांडून येतात, आणि पुलावरून खाली पाहण्याची सवय त्यांपैकी काहींना नव्याने लागली आहे. पावसाळ्यात आता कधी कधी तळ दिसतो. पाणचक्कीच्या भिंतीवरून हौदात पडणारी धार तेथून फार दूर नाही. पाऊस बरा झाला तर ती वाहते, आणि ज्या वर्षी उत्तरेकडच्या डोंगरांत पाणी मुरत नाही त्या वर्षी बारीक होत जाते.